ऐनाखालची अळंबी

माझ्या सासरच्या गावात शेजारणीने अळंबीची वाटी पुढे केली तर लगेच हात पुढे करायचा नाही, अशी रीत होती. आधी विचारायचं, "कुनाखालची गं?" देणारीने झाडाचं नाव सांगायचं. ऐनाखालची, बांबूखालची, जांभळाखालची, जे असेल ते. मग घेणारीने ओठ मुडपून जरा विचार केल्याचं सोंग करायचं आणि वाटी घ्यायची. झाड पसंत नाही म्हणून वाटी परत पाठवली, तर त्या दोन घरांचं बोलणं पुढच्या पावसापर्यंत बंद. अशी बंद पडलेली घरं आमच्या आळीत कायम एखाददुसरी असायचीच.

अळंबी स्वतः कशी आहे, जाड की बारीक, टोकदार की पसरट, हे कुणी निरखून बघत नसे. झाड बघायचे. झाड भलं तर त्याच्या पायाशी जे उगवलं ते भलं, असा साधा हिशोब. हा कायदा माझ्या सासूने केलेला नव्हता, तिच्या सासूच्याही आधीचा होता. पण त्याचा अंमल माझ्या सासूकडे होता. बुटकी, रुंद बाई, आणि आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या वाडीतली माणसं "आलो आलो" म्हणायची. आषाढात आळीतल्या बायका आपापल्या टोपल्या तिच्या ओट्यावर आणून ठेवायच्या आणि ती मांडी ठोकून न्यायनिवाडा करायची.

तिच्या मते ऐन हे सगळ्यांत घरंदाज झाड. त्याच्याखालची अळंबी डोळे मिटून खावी. बांबूच्या बेटातली बारीक असते, चवीला बरी, पण पाहुण्यांना वाढू नये. आंब्याखालची खाल्ली की माणूस आळशी होतो. चिंचेखालची खाल्ली की स्वप्नात मेलेली माणसं येतात आणि उसनवारी मागतात. मोहाखालची खाल्ली की झिंग येते. हे ऐकून माझ्या सासऱ्यांनी भर पावसात रान धुंडाळून मोहाखालची अळंबी आणली होती आणि एकट्याने पातेलंभर खाल्ली होती. काही झालं नाही. दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत, इतके हिरमुसले होते.

आणि सगळ्यांत वाईट काजरा. काजऱ्याचं बी विषारी, हे तर खरंच आहे. त्यामुळे त्याच्याखाली साक्षात अमृत उगवलं असतं तरी आमच्या गावाने पायाने उडवून दिलं असतं. सासूला एखाद्या माणसाबद्दल अगदी शेवटचं वाईट बोलायचं असलं की ती शिवी देत नसे. म्हणायची, "काजऱ्याखालचं हाय ते."

मला ती तेच म्हणायची.

आता ते का, ते सांगते. मी रांगत होते तेव्हा माझा बाप गेला. आई काही वर्षं मामाच्या दारात राबली आणि मग तिने पाट लावला. विधवेने दुसरं लग्न करायला आमच्यात मनाई नाही, फक्त बोलणी आहेत. ती तिने खाल्लीही असती. पण तिने केला तो माणूस रेल्वेच्या गँगवरचा. मूळचा घाटावरचा, कुठल्याशा कोरड्या गावचा, ठाकुरवाडीला रुळाच्या कडेच्या खोलीत राहायचा आणि पावसाळाभर घाटातल्या दरडी उपसायचा. माणूस सालस होता. मला भेटला की खिशातून शेंगदाणे काढून द्यायचा, तेही सोललेले. पण त्याचं गाव कुणी पाहिलेलं नव्हतं, त्याची भावकी कुणाला ठाऊक नव्हती, आणि आमच्या भागात ज्याची भावकी ठाऊक नाही तो माणूस पुरता माणूस धरत नाहीत. आईला मला घेऊन जायचं होतं. मामीने सोडलं नाही. माया होती म्हणून नाही हो, फुकटात भांडी घासणारी कुणाला नको असते?

सासू मला बघायला आली तेव्हा तिने माझं नाक बघितलं नाही की चालून दाखव म्हणाली नाही. मामाला विचारलं, "आई कुठं हाय हिची?" मामाने मान खाली घालून सांगितलं. सासूने पानाची पिंक टाकली आणि म्हणाली, "म्हंजे काजऱ्याखालची." एवढं बोलून तिने मला पसंत केलं. करणार नाही तर काय. तिच्या मुलाचा एक डोळा कर्जतकडे बघायचा आणि दुसरा खालापूरकडे, त्यामुळे घरंदाज मुली त्याच्यासमोर आल्या की आपल्याकडे बघतोय की भिंतीकडे ते त्यांना कळेना. तिने एकच अट घातली, की माझ्या आईचं पाऊल तिच्या घरात पडता कामा नये. मामाला पडत्या फळाची आज्ञा. तो म्हणाला, नाही पडणार. आईला विचारायला कुणी गेलं नाही.

नवऱ्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तो गरीब स्वभावाचा होता आणि आईपुढे बोलत नसे, पण आईपुढे गावात कोण बोलत होतं? मला काय हवं होतं ते एकदाचं सांगून टाकते. मला डोरलं नको होतं, बुगड्या नको होत्या. माझ्या आईने माझ्या चुलीपाशी येऊन बसावं आणि माझ्या सासूने तिला चारचौघांत विहीण म्हणावं, एवढंच मला हवं होतं. रांधताना, धुताना, शेण लावताना माझ्या डोक्यात हेच असायचं.

आई यायची. घाटातून रुळाच्या कडेकडेने उतरून, चिखल तुडवत, वर्षातून कधीमधी. आमच्या कुंपणाबाहेर रस्त्याच्या वळणावर एक जांभूळ होतं, त्याच्या मुळावर बसून राहायची. मी पाण्याचा हंडा घेऊन बाहेर पडायचे आणि तिच्यापाशी टेकायचे. ती माझ्या हाताची नखं बघायची, केस बघायची, आणि विचारायची, "जेवाय घालत्यात ना गं?" सासू ओट्यावरून सगळं बघत असायची. मला कधी अडवलं नाही तिने, हेही खरं. पण हंडा भरायला एवढा वेळ कसा लागला, ते मात्र दर वेळी विचारायची.

त्या साली लावणीच्या दिवसांत सासऱ्यांनी एक पराक्रम केला. शेणखताचा उरलेला ढीग शेतात पसरायचा सोडून त्यांनी तो आमच्या बांधावरच्या ऐनाखाली ओतून टाकला. पाठ दुखत होती म्हणे. त्यांची पाठ काम निघालं की दुखायची. हा ऐन म्हणजे आमच्या घराची इभ्रत. दर पावसाळ्यात त्याच्या पायाशी अळंबी यायची आणि सासू ती वाजतगाजत आळीभर वाटायची. ढिगावर आठवडाभर पाऊस पडला, मग दोन दिवस उघडीप झाली, आणि एका सकाळी सासू बांधावरून ओचाभर अळंबी घेऊन आली. इतकी खूश की वाटेत भेटेल त्याला ओचा उघडून दाखवत होती.

मी ती निवडायला घेतली. मोठी, पसरट, थाळीएवढी. दर सालची ऐनाखालची अळंबी अशी नसायची, तिला मधोमध टोक असायचं आणि देठ लांब, मातीत खोल गेलेला. मी म्हटलं, "आत्याबाई, ही जराशी येगळी दिसतीय."

"कुनाखालची हाय?" सासू म्हणाली.

"ऐनाखालची."

"मग? तुला काय कळतंय गं, काजऱ्याखालची ती."

माझ्या मामाच्या गावात अळंबी शिजताना लसणाची पाकळी टाकून बघायचे, काळी पडली तर फेकून द्यायचे. त्याला काही अर्थ नाही हे मला पुढे कळलं, पण तेव्हा मी लसूण सोलायला घेतला. सासूने तो हातातून काढून घेतला. ऐनाची परीक्षा घ्यायची म्हणजे तिच्या लेखी देवाला दात दाखव म्हणण्यासारखं होतं. मी गप्प बसून कांदा, ओलं खोबरं, लाल तिखट आणि दोन आमसुलं घालून ती रांधली. वास असा सुटला की सासरे पाठदुखी विसरून चुलीपाशी येऊन बसले.

दुपारी तिघं जेवायला बसली, सासरे, नवरा आणि सासू. सून शेवटी जेवते आणि उरेल ते खाते, ही रीत जगजाहीर आहे. त्या दिवशी उरलंच नाही. सासऱ्यांनी तांदळाच्या भाकरीने पातेलं असं पुसून घेतलं की मला ते घासावंही लागलं नाही. मी मिरची आणि मीठ घेऊन भाकरी खाल्ली आणि मनातल्या मनात तिघांच्या हावरेपणाला जे काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. ते शब्द मी नंतर परत घेतले, कारण त्याच हावरेपणाने मला वाचवलं.

उन्हं कलायच्या आत सुरुवात झाली. आधी नवरा. मग सासरे, ते ओकता ओकता देवाला हाका मारत होते, आणि ज्या देवांना त्यांनी जन्मात कधी नारळ फोडला नव्हता त्यांनाही हाका मारत होते. सासूने सगळ्यांत जास्त वेळ तग धरला. "मला काय बी झालं नाय," असं म्हणत ती उठली, परसाकडे चालू लागली, आणि वाटेतच बसली. वरून, खालून, जिथून जमेल तिथून. मी एकटी तिघांच्या मागे धावत होते. लाज, सोवळं, मानपान सगळं त्या दुपारी वाहून गेलं. त्या घरात मला कुणी कधी नवरी म्हणून ओवाळलं असेल नसेल, पण त्या एका दिवसात मी त्या घराचं सगळं काही बघितलं.

शेजारची काकी आवाज ऐकून आली. तिची आणि सासूची वाटीवरून गेल्या पावसाळ्यापासून अबोला होता, तो मोडायला तिला हे निमित्त पुरलं. तिने ओकणाऱ्या तिघांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी धडधाकट उभी होते, हातात तांब्या होता.

"तू नाय खाल्लीस?" ती म्हणाली.

"उरली नव्हती."

"आसं व्हय," ती म्हणाली. त्या "आसं व्हय"मध्ये मला माझं पुढचं सगळं दिसलं.

दिवेलागणीच्या आत आळीला कळलं की काजऱ्याखालच्या पोरीने घरादाराला विष घातलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे न खाणारीला खवखवायची पाळी आली. भगत आला. त्याने राख फुंकली आणि सांगितलं की बाहेरचं आहे, काळा कोंबडा द्यावा लागेल. भुतं नेहमी कोंबडाच कशी मागतात कोण जाणे, दोडकी मागितलेली मी कधी ऐकली नाहीत. कर्जतहून डॉक्टर आणायचा विषय निघाला, पण ओढ्याला पाणी होतं आणि डॉक्टर पोहत येणाऱ्यातला नव्हता. रात्र कशी गेली ते विचारू नका.

सकाळी पोलीस पाटील आले. ओट्यावर अर्धा गाव जमला. आत तिघं जितीजागती होती, पण चिंधीसारखी पडून. पाटील पोक्त माणूस, खाकरून म्हणाले, "आमाला वर कळवावं लागंल. खालापूरच्या कचेरीत. पोरीच्या मामाला बी बोलवा."

मामाला बोलवा म्हणजे पोरीला घेऊन जा. मामी मला दारात उभी करणार नाही, हे मला ठाऊक होतं. आईकडे गेले तर आईची लेक तसलीच निघाली, असं दोन्ही तालुके म्हणणार. मी भिंतीला टेकून उभी होते. भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा राग जास्त येत होता. राग कुणाचा म्हणाल, तर त्या मेल्या ऐनाचा.

एवढ्यात लोक बाजूला झाले आणि माझी आई आत आली.

आमच्या गावचा एकजण रेल्वेत होता, त्याच्या तोंडून बातमी पहाटेच घाटात पोचली होती. आई डोक्यावर इरलं, गुडघ्यापर्यंत चिखल, अशी आली. त्या दिवशी ती जांभळाखाली थांबली नाही. कुणाला विचारलं नाही, कुणाकडे बघितलं नाही. इरलं ओट्यावर टाकलं, पदर खोचला आणि सरळ माझ्या सासूच्या उशाशी जाऊन बसली.

सासूने डोळे उघडले. तिला ओळख पटली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ती मान उचलून म्हणाली, "हिला भायेर..."

पुढचं बोलणं उलटीने अडवलं, आणि ती उलटी माझ्या आईच्या ओच्यात पडली. आईने एका हाताने तिचं कपाळ धरलं आणि दुसऱ्या हाताने पाठ चोळली. "हां, होऊ दे," ती म्हणाली, "निघून जाऊ दे सगळं. मग बोल काय बोलायचं ते." मला म्हणाली, "पेज टाक गं. मीठ घाल चांगलं. आन् काल चिरल्याली देठं कुठं टाकलीस?"

मी केळीच्या आळ्याकडे बोट दाखवलं. आई उठून गेली, तिथून एक देठ आणि टोपीचा तुकडा आणला आणि पाटलांच्या पुढ्यात ठेवला. घाटातल्या वाड्यांवरच्या बायकांबरोबर ती रानात जायची, त्यांच्याकडून तिला जे समजलं होतं ते तिने साध्या शब्दांत सांगितलं, की ही खताची अळंबी, वारुळाची नव्हे, हिला टोक नाही आणि खोल देठ नाही, आणि ही खाल्ली की माणूस मरत नाही पण मेलेला बरा असं त्याला वाटतं. "आमी झाड नाय बगत," ती म्हणाली. "अळंबी बगतो."

पाटलांना हे पटलं की नाही कळेना. पण त्यांनी नेमका प्रश्न विचारला. "वेचली कुनी?"

मी रांधली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वेचली कुणी, हेही सगळ्यांना ठाऊक होतं, कारण आदल्या दिवशी ओचा उघडून तिनेच त्यांना दाखवलं होतं. पण आता ते कुणालाच आठवेना. काकी छपराचे वासे बघायला लागली. सासऱ्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. ढिगाचा विषय निघेल या भीतीने ते झोपल्याचं सोंग करत होते, आणि झोपेत कण्हत होते.

मी म्हणाले, "रांधली मी. वेचली कुनी ते त्यास्नी इचारा."

सगळ्यांनी आत बघितलं. सासू छताकडे डोळे लावून पडली होती. तिने "सुनेनं वेचली" म्हटलं असतं तर गावाने आनंदाने मान डोलावली असती. तिचा ऐन वाचला असता, तिचा ओट्यावरचा न्यायनिवाडा वाचला असता, आणि नावडती सून घरातून गेली असती. "मी वेचली" म्हटलं की आयुष्यभराचा तोरा त्या केळीच्या आळ्यात. मला वाटलं, ही बया मरेल पण कबूल व्हायची नाही. माझी आई तिच्या तोंडाला ओला फडका लावत होती.

"मीच वेचली," सासू म्हणाली. आवाज बसलेला, पण ओट्यावर ऐकू गेला. "मीच निवडाय दिली. पोर बोलली व्हती, येगळी दिसतीय म्हनून. मीच ऐकलं नाय. तिच्या ताटात एक फोड बी पडली नाय, आमी तिघांनीच गिळली."

पाटील म्हणाले, "ऐनाखालची आन् बाधली?"

सासूने जरा दम घेतला. "तो ऐन हरामखोर हाय," ती म्हणाली.

पाटलांना हसू आवरेना, त्यांनी तोंडावर उपरण्याचा शेव धरला. मग सगळा ओटा हसला, काकीसुद्धा. कचेरीचं नाव पुन्हा निघालं नाही. मी चुलीपाशी बसून पेज ढवळत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पातेल्यात पडू नये म्हणून मान वळवून बसले होते. पेजेत मीठ आधीच भरपूर होतं.

आई दोन दिवस राहिली. उपटून ठेवलेल्या रोपांच्या मुठी चिखलात सडायला लागल्या होत्या, तर आम्ही मायलेकींनी खाचरात उतरून त्या लावून टाकल्या. तिघं उठून बसली, भात जेवली, तेव्हा आईने इरलं उचललं आणि ती गेली. सासूने तिला थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही, बरं केलंस म्हटलं नाही. भिंतीकडे तोंड करून सुपारी कातरत बसली. मला इतका संताप आला की त्या दिवशी मी भाकरी मुद्दाम करपवल्या. नवऱ्याने एक डोळा माझ्यावर आणि एक भाकरीवर ठेवून त्या मुकाट खाल्ल्या.

ऐन मात्र सासूने तोडायला लावला. सासरे कुऱ्हाड घेऊन गेले, आणि आश्चर्य म्हणजे पाठ न दुखता त्यांनी तो पाडला. पुरावा गेला म्हणून त्यांना बरं वाटलं असावं. बिचारं झाड. त्याने कधी कुणाला सांगितलं होतं की माझ्याखालचं खा म्हणून? आळीतल्या बायका त्यानंतर टोपल्या घेऊन ओट्यावर येईनाशा झाल्या. सासू आषाढभर ओट्यावर नुसती बसायची. खोपोलीला वीज तयार होऊन आमच्या डोक्यावरच्या तारांतून मुंबईला जायची, त्या तारांवर बसलेल्या पाखरांकडे बघत बसायची.

श्रावणात एका सकाळी आई जांभळाखाली येऊन बसली. इतकं सगळं होऊनही जांभळाखालीच. मी हंडा घेऊन गेले. तिने सागाच्या पानात बांधलेली अळंबी माझ्या हातात दिली. बारीक, करड्या टोकाची, लांब देठाची, देठाच्या तळाला वारुळाची लाल माती. "घरात दे," ती म्हणाली, "आन् नगं म्हनली तर परत आन, मी घिऊन जाईन." मी म्हटलं, चल घरात. ती म्हणाली, "बोलावलंय कुनी?"

मी पुडा सासूपुढे ठेवला. तिने तो सोडला. सवयीने तिचं तोंड उघडलं, आणि मला वाटलं आता विचारणार. तिने विचारलं नाही. एकेक अळंबी उचलून टोक बघितलं, देठ बघितला, नाकाशी धरून वास घेतला. मग स्वतः उठून चुलीपाशी गेली. मला हात लावू दिला नाही. शिजल्यावर पहिला घास तिने मला दिला. "आदी तू खा," म्हणाली. हा मान होता की माझ्यावर चाचणी होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी खाल्ला. अळंबी फार चवदार होती. मग सासूने खाल्ली, आणि नंतर एक वाटी भरून माझ्या हातात दिली. "काकीला नेऊन दे," ती म्हणाली, आणि ओट्यावर येऊन उभी राहिली.

काकी दारातच होती. तिने वाटीकडे बघितलं, हात मागे घेतले, आणि आळीला ऐकू जाईल असं विचारलं, "कुनाखालची गं?"

समोरच्या दारांतून बायका बाहेर आल्या. मी वळून सासूकडे बघितलं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती, काकीकडेही नाही. कुंपणापलीकडे वळणावर बघत होती. तिचा तो बांधावरून हाक मारायचा आवाज आजारपणानंतर पहिल्यांदाच निघाला.

"आमच्या इहिणीची हाय," ती म्हणाली. "घ्याची तर घे, नायतर वाटी परत दे."

काकीने वाटी घेतली. जांभळाखाली आई उठून उभी राहिली. तिने लुगडं झटकलं, तिथेच जरा वेळ थांबली, मग कुंपणाच्या आत आली आणि आमच्या अंगणात ओट्याच्या पायरीशी उभी राहिली. माझ्याकडे न बघता सासूला म्हणाली, "पानी देतीस का गं बाय? लांबून आलेय."

"देते," सासू म्हणाली. "आत येऊन बस. तांब्या घासायचा हाय."